पिवळ्या कड्याखालचा केटमेन

मित्रांनो, मी एक जुना केटमेन आहे, आणि कौतुक मला कधी मानवलं नाही. तुमच्या कुदळीपेक्षा रुंद आणि फावड्यापेक्षा जाड असं माझं पातं. मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्यातल्या होलमत लोहाराने ते एका मोडक्या गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेपासून घडवलं. घडवताना तो सारखा खोकत होता आणि भाता ओढणाऱ्या बायकोवर करवादत होता.

मला नेलं नोरबोताने. त्याची स्वतःची वीतभरही जमीन नव्हती. खोऱ्यातली शेतं मोजक्या घरांची, आणि बाकीच्यांनी त्यांच्या कापसात, त्यांच्या पाटांत राबायचं, असा तो काळ. ज्याच्याकडे केटमेन, तो मजूर. ज्याच्याकडे तोही नाही, त्याने मशिदीच्या दारात हात पसरावा.

बाजाराच्या दिवशी मजूर चहाखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभे राहत आणि आपापला केटमेन पायापुढे उभा धरत. कामाला नेणारा माणूस तोंडं पाहत नसे, पाती पाहत असे. गंजकं पातं म्हणजे आळशी माणूस. लखलखीत पातं म्हणजे रोज मातीत झिजलेलं, म्हणजे खमका गडी. पसंत पडला की तो काही न बोलता केटमेन उचलून चालू लागे, आणि त्याचा धनी मुकाट मागे जाई. मी कितीदा असा पुढे गेलो आणि नोरबोता माझ्यामागून आला. "पातं बघा याचं," असं लोक म्हणत. मला बरं वाटे, खोटं कशाला बोलू?

मग भातखाचरातल्या डासांनी नोरबोताला गाठलं. हुडहुडी भरायची, ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. सगळा हिवाळा तो अंथरुणात आणि मी कोपऱ्यात गंजत. ज्वारीचं पीठ तळाला गेलं. तुती पिकायला अजून अवकाश होता. पाट उपसायची कामं तेवढी निघणार होती, आणि ती हुकली तर चूल पेटवून उपयोग नव्हता.

त्याची बायको सलोमत मला घेऊन उंबऱ्यावर बसली. विटेचा चुरा आणि ओली वाळू घेऊन तिने मला घास घास घासलं.

"अगं, कातडी सोलशील त्याची," नोरबोता पांघरुणातून म्हणाला.

"तुमचं तोंड घासून उजळलं असतं तर तेच घासलं असतं," ती म्हणाली. "भिंतीशी उभे राहा नि दात वाजू देऊ नका. उचलतील तुम्हांला."

उचललं. पण उचललं ते तुर्दीकुल मीराबने. मीराब म्हणजे पाटाच्या पाण्याचा कारभारी. तो वाकला, पात्यात त्याला स्वतःची दाढी दिसली, आणि तो खूश झाला. "हा गडी मुखाशी लावा," म्हणाला.

नदी जिथे पाटात शिरते ते मुख. तिथे पिवळ्या मातीचा उंच कडा होता. त्याचा पाया खालून पोखरायचा, म्हणजे वरची माती आपोआप खाली येते आणि मेहनत वाचते. माणूस वाचतो की नाही ते कड्याच्या मर्जीवर. चांगली पाती तिथे लावायची, डागाळलेली सपाटीवर गाळ काढायला. सलोमतने मला थोडं कमी घासलं असतं, तर नोरबोता गाळात उभा राहिला असता. पण हे तिला कोण सांगणार होतं?

शेजारी पिरमत खणत होता. जिभेला हाड नसलेला, पण जिवाला जीव देणारा. "नोरबोता, लेका, तू थरथरतोयस का कडा थरथरतोय?"

"मीच."

"मग ठीक. कडा थरथरला की सांग."

मला माती कळते, मित्रांनो. थंडीत गोठलेला तो कडा उन्हाने आतून सैल होत होता. घाव बसला की जो भरीव आवाज यायचा, तो त्या दिवशी पोकळ आला. कड्यातल्या बिळांत राहणाऱ्या पाकोळ्या सकाळीच उडून गेल्या होत्या, एकही परतली नव्हती. वरून पिठासारखी धूळ नोरबोताच्या मानेवर पडत होती आणि तो ती झटकत होता. मला ओरडता येत नाही, याचं तेव्हाइतकं वाईट कधीच वाटलं नाही.

पिरमत वर जाऊन आला. "मीराबदादा, भेग पडलीय. हात जाईल एवढी."

"पाणी सोडायचा दिवस ठरलाय," मीराब म्हणाला. "तो भेगेला विचारून ठरवला नाही."

दुपारी आधी एक ढेकूळ सुटलं, मग टोपलीभर माती. "बाहेर व्हा," पिरमत ओरडला आणि सगळे धावले. नोरबोताही धावला. मी मात्र पात्यापर्यंत रुतून तिथेच राहिलो. तो उन्हात उभा होता, सुखरूप. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे तो," पिरमतने त्याची बाही धरली. "उद्या उकरून काढू."

"उद्या भिंतीशी काय धरून उभा राहू? तुझी टोपी?"

बाही सोडवून तो आत आला. दांड्यावर त्याचा तळवा पडला, तो तापाने भाजत होता. त्याने ओढलं, आणि मी सुटलोही. आम्ही वळलो. मग कडा आला.

पाती अंगाला लागतील म्हणून सगळ्यांनी हातांनी माती उपसली. नोरबोताला बाहेर काढलं तेव्हा त्याची बोटं माझ्या दांड्यावरून एकेक सोडवावी लागली. मीराबने माझं पातं बोटाने वाजवून पाहिलं. मग म्हणाला, "पातं शाबूत आहे. त्याच्या घरी पोचवा, बाईला विकायला होईल." त्याला वाटलं, आपण भलं करतोय.

पिरमतने मला सलोमतच्या दाराशी टेकवलं.

"ते तर बाहेर आले होते म्हणतात," ती म्हणाली. "मग परत का गेले?"

पिरमतने माझ्याकडे बोट केलं.

तिने मला फेकलं नाही. पिठाच्या पोत्याच्या बदल्यात दुसऱ्याला दिलं, आणि पुढच्या बाजारी मी पुन्हा त्याच भिंतीशी उभा होतो.

मित्रांनो, वस्तू जपाव्या असं तुम्हांला शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. पण कुणाला कामाला बोलावलंत, तर त्याच्या हातातल्या वस्तूआधी त्याचं तोंड पाहा. आणि माझ्यासारखा कुणी मातीत रुतला तर रुतू द्या, मागे फिरू नका. लोखंडाला श्वास घ्यावा लागत नाही.