अडकलेल्या बायकांचा सिनेमा

आम्ही दोघी बहिणी लिफ्ट दुरुस्त करतो. गेल्या महिन्यात ताई चार तास लिफ्टमध्ये अडकली, तेव्हापासून ती जिन्यानेच चढते. आणि मी अशी बिनडोक, की पोस्टर न बघताच तिला सिनेमाला नेलं. भुताचा सिनेमा, तोही लिफ्टमध्ये अडकलेल्या दोघींचा! माझा जीव टांगणीला लागला.

पण त्या बायका रडत बसल्या नाहीत, वरचं झाकण उघडून थेट लिफ्टच्या छतावर चढल्या. सगळं थिएटर किंचाळत होतं आणि ताई ओरडली, "अगं, आधी छतावरचा स्विच बंद कर, नाहीतर लिफ्ट सुरू होईल!" बाईने केला. ताईने टाळी वाजवली.

बाहेर आल्यावर मी ताईसाठी जिन्याकडे वळले. मागे लिफ्टचं दार करकरलं.

"हिला तेल हवंय," ताई आतून म्हणाली. "ये की, घाबरलीस काय?"