विहीणबाईंचे दोन तास

लेकीचे दिवस भरत आले होते. तिचं घर म्हणजे दीड खोली, एक जादा गादी. जावई फोनवर हसत म्हणाले, "जी आई जवळची, ती आधी. दुसरी महिन्याभराने."

त्यात भांडण कसलं? जन्म दिला ती जवळची, असं धरून आईने बॅग काढली. तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला.

"आमचं विमान सकाळी दहाला सुटतं आणि बाराला लेकीच्या दारात. दोन तास! तुमचं?"

आईचं तिकीट समोरच होतं. सुटणार सकाळी दहाला, पोचणार रात्री नऊला.

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला आणि कणीक अशी तिंबली, की परात ओट्यावरून सरकली. देवापुढे वात लावली तरी ओठांवर नामाऐवजी 'दोन तास, दोन तास' हेच. देवाने तरी किती ऐकावं!

"अहो, लग्नात मानही त्यांचा, आता नातवंडही आधी त्यांचं. विमानसुद्धा त्यांचंच वेगात!"

नवरा बसचा ड्रायव्हर, नुकताच निवृत्त. अंतर म्हटलं की त्याचे कान टवकारायचे. त्याने मोबाइलमध्ये एकेक करून दोन्हीकडचे विमानतळ घातले आणि खो खो हसला.

"अगं, तीन घरं तीन देशांत, घड्याळंही तीन. सुटल्याची वेळ त्यांच्या घड्याळाची, पोचल्याची लेकीच्या. त्या पूर्वेला, आपण पश्चिमेला, लेक मधोमध. त्यांना घड्याळ वेळ परत देतं, आपल्याकडून काढून घेतं. खरे तास त्यांचे साडेसहा, आपले सहा. किलोमीटरही आपलेच कमी."

"म्हणजे मी जवळची?"

"अर्ध्या तासाने!"

आईने हात न पुसताच फोन लावला. हिशेब ऐकवताना आवाजात मध घातला होता, पण मधाखाली मिरची होती.

"साडेसहा?" विहीणबाई हळूच म्हणाल्या. "मला तर लिफ्टमध्येसुद्धा धडकी भरते. दोनच तास म्हणून हो म्हटलं होतं हो. तुम्हीच जा. पण माझ्या लेकीला अंतर देऊ नका."

आई जिंकली होती, पण बॅगेत साड्या कोंबता कोंबता धुसफुसत होती.

"मी जन्म दिला, आणि 'अंतर देऊ नका' हे मला सांगणार त्या? वर 'माझ्या लेकीला'!"

"हे अंतर मोबाइल काढून देत नाही गं," नवरा म्हणाला.

आई रात्री नऊला उतरली, ती तडक दवाखान्यात. नातीचा जन्म संध्याकाळीच झाला होता. लेकीच्या हातात फोन, फोनमध्ये विहीणबाई, डोळे पुसत.

"या, या! नाक आमच्याकडचं आहे हो!"

सहा तास आभाळातून आले मी, आणि ह्या घरबसल्या आधी! तिने नातीला उचलून छातीशी धरलं. देवाचं नाव आपसूक ओठांवर आलं. जीव इवलासा, पण नाक खरंच विहीणबाईंचं होतं.

फोनमधून त्या मान वाकडी करकरून बघत होत्या.

"दिवा लाव गं," आई लेकीला म्हणाली आणि नातीला फोनजवळ नेलं. "तुझ्या सासूबाईंना नीट दिसत नाहीये."

मग जरा थांबून, मोठ्याने, "आणि त्यांना कानही दाखव. कान माझे आहेत!"