प्रकृतीच्या कारणास्तव

फोन आला तो तिला. त्याला नाही. तो समोरच्या खुर्चीत पेपर उघडून बसला होता आणि त्याचा सगळा जीव कानांत गोळा झाला होता.

"हो, बाईच बोलतेय. अगं, तू? मुख्याध्यापिका झालीस? येईन की. माझी तब्येत? छान आहे. नाही गं, खरंच छान आहे."

फोन ठेवून ती म्हणाली, "नदीपलीकडच्या शाळेतून होता. नवी इमारत बांधलीय. बोलावलंय."

"कधी निघायचं?" त्याने विचारलं.

ती गॅस बंद करायला आत गेली.

त्याला तो पूल बघायचा होता. बस, एवढंच. सरकारी नोकरीत लागल्यावरचं त्याचं ते पहिलं काम. खांब उभे राहिले आणि तो बदली घेऊन निघून आला. वरचा स्लॅब टाकलेला त्याने कधी पाहिलाच नाही. पुढे तो चढत चढत पार वरच्या खुर्चीतून रिटायर झाला, इतरांच्या पुलांच्या नकाशांवर सह्या करत. कुणी विचारलं, तुम्ही स्वतः बांधलेला पूल कुठला, की तो त्या खांबांचं सांगायला लागायचा, आणि सांगण्याच्या भरात स्लॅबही स्वतःच टाकून मोकळा व्हायचा.

*

तेव्हा त्याला सगळे गुण्या म्हणत. गवंडी काटकोन तपासतात तो गुण्या कायम त्याच्या खिशातून डोकावायचा, आणि माणूसही तसाच, कुठे जरा वाकडं दिसलं की झोप उडायची.

क्वार्टर सरकारी, पंखा सरकारी, त्यामुळे फिरला तर फिरला. लग्न नवं. गाव नदीच्या अलीकडे, शाळा पलीकडे. तिला त्या शाळेत हंगामी नोकरी मिळाली होती. रोज सकाळी ती नावेतून पलीकडे जायची आणि जाताना त्याला हात करायची. तो चिखलात उभा, आजूबाजूला मजूर. तो न पाहिल्यासारखं करून साहेबासारखं तोंड करायचा.

"पुढच्या वर्षी पुलावरून जाशील," तो रात्री जेवताना म्हणायचा.

"तुमचं खातं आणि पुढच्या वर्षी," ती म्हणायची. "नावाड्याला सांगून ठेवते, नातवंडांनाही वल्हवायला शिकव म्हणावं."

*

राजधानीच्या डिझाइन ऑफिसात जागा निघाली. बरोबरच्या एकाने निरोप धाडला: आत्ता आलास तर वर जाशील, नाहीतर बस तिथे वाळू चाळत. पण काम अर्धवट टाकून बदली मिळत नसे. घरची अडचण असली तरच. म्हणून हेडक्लार्कचं टेबल.

"कारण काय टाकू, साहेब?"

"कारण असं..."

"वडील?"

"वारले."

"आई?"

"ठणठणीत आहे."

"अरेरे," हेडक्लार्क म्हणाले. "मग बायको. नवीन लग्नवाल्यांचं आम्ही बायकोच टाकतो. दमा चालेल? नदीकाठ, दमट हवा. शोभून दिसेल."

"पण तिला काही झालेलं नाही."

"कुणाला झालेलं असतं? तुमच्या आधीच्या साहेबांच्या मिसेसना आम्ही हृदयविकार दिला होता. परवा बाजारात भेटल्या. दोन्ही हातांत पिशव्या."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. तोही हसला. खात्यात हे असंच चालायचं, याला कुणी खोटं म्हणत नसे. डॉक्टरांनीही सर्टिफिकेट देताना मान वर केली नाही. सही करताना त्याच्या मनात फक्त एक आलं, की ओळ जरा तिरकी गेलीय.

*

सदर अधिकाऱ्यांच्या पत्नीच्या प्रकृतीच्या कारणास्तव.

*

या भागात तो नाही. तो साइटवर होता. हे तिने नंतर तुकड्यातुकड्याने सांगितलं, आणि सगळे तुकडे दिले असतील असंही नाही.

दुपारी आधी डॉक्टरांच्या कंपाउंडरची बायको आली, बाई उठू नका, झोपून राहा, मग शेजारीण, एवढं मोठं दुखणं आणि आम्हाला पत्ता नाही, माणसं परकी का आम्ही, मग तिची सून वाफेसाठी गरम पाणी घेऊन, मग पोस्टमनची आई, माझ्या भावाला होता गं दमा, गेला बिचारा, म्हणजे दम्याने नाही, मग नावाडी, तो दारातूनच म्हणाला, उद्यापासून गार वाऱ्यात नाव नको, बाई.

ती ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला काही झालेलं नाही, एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण मग गावात नवऱ्याचं तोंड काळं झालं असतं. तिने हात पुसले आणि आत जाऊन खाटेवर आडवी झाली.

ती खोकली का, हे त्याला आजतागायत विचारता आलेलं नाही.

*

"काय होतंय तुला?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"दमा," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत असेल."

"अगं, ते नुसतं..."

"आधी सांगायचंत. नीट आजारी पडले असते. उगाच घाई झाली माझी."

*

मग मुख्याध्यापक आले. भला माणूस. खाटेजवळच्या स्टुलावर टेकले, टोपी मांडीवर ठेवली. म्हणाले, बाईंना या वर्षी कायम करायचं आमचं ठरलंच होतं. पण तब्येत आधी. जागा दुसऱ्यांना देतोय, तुम्ही बिलकुल मनाला लावून घेऊ नका.

ती आडवी होती. तिने पडल्या पडल्याच आभार मानले आणि नवऱ्याकडे पाहिलं.

तो ट्रे धरून उभा होता. तेव्हा म्हणता आली असती अशी वाक्यं त्याने पुढे आयुष्यभर तयार केली. दाढी करताना, मीटिंगमध्ये, गाडीत मागच्या सीटवर:

सर, तिला काही झालेलं नाही, ती उद्या शाळेत येईल.

सर, ही आमच्या ऑफिसातली पद्धत आहे, तुम्ही हसाल.

सर, मला जायचंय. तिला नाही.

तो म्हणाला, "घ्या ना, चहा गार होतोय."

*

ऑर्डर आली. राजधानीत तिने शाळा शोधली नाही आणि त्याने का म्हणून विचारलं नाही. मुलगा झाला, दिवस भरभर गेले. तो वर गेला. आणि त्या गावाची एकही वारी, तपासणी, उद्घाटन त्याने कधी स्वतःकडे घेतलं नाही, कारण उतरल्या उतरल्या कुणीतरी पहिला प्रश्न तोच विचारणार.

*

आता तो इस्त्रीचा शर्ट हातात घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभा होता. ती बॅग भरत होती. एकटीची बॅग.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली.

"का?"

"त्या गावात मी आजारी आहे. अजून. फोनवर ऐकलंत ना? मला एकदा तिथे धडधाकट जाऊ द्या. तुम्ही बरोबर असलात की ते तुम्हालाच विचारतील, आता बाईंची तब्येत कशी आहे. आणि तुम्ही सांगाल."

"मी शाळेत येतच नाही. पुलापाशी उतरेन. फक्त बघायचाय ग एकदा."

"बघा की. बस जाते तिथे." तिने साडीची घडी हाताने सपाट केली. "इतकी वर्षं जात होती."

ती रागावली नव्हती, हेच त्याला जड गेलं. रागावली असती तर समजूत काढता आली असती. त्यात त्याचा हातखंडा होता.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली. सोफ्यावर बसली. बोलून बोलून घसा बसला होता, आणि चेहरा असा, की घरात आपण एकटेच आहोत असं वाटून माणूस हसतो ना, तसा.

त्याचे प्रश्न तयार होते. कठडे दगडी केले की लोखंडी. ट्रक गेल्यावर थरथर जाणवते का. तिसऱ्या खांबापाशी पाणी तळ कापतं का, कारण तिथेच पायासाठी खडक लागायला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. त्याने तोंड उघडलं, आणि एकदम त्याच्या लक्षात आलं, की पाण्याखालचा तो खडक त्याला आजही हातावरच्या रेषेसारखा माहीत आहे, आणि नाव पलीकडे लागल्यावर ही पुढे काय करायची, त्यातलं काहीच माहीत नाही.

"तू काय शिकवायचीस ग तिथे?"

तिने मान वर केली. थट्टा तर नाही ना, हे बघितलं.

"गणित," ती म्हणाली. "मोठ्यांना गणित आणि लहानांना भूगोल. भूगोल मला येतच नव्हता. आदल्या रात्री वाचून जायचे."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तेव्हा खांबांचं सांगत असायचात," ती म्हणाली, आणि चपला काढायला खाली वाकली.