डाव्या पायाचा पिवळा

मी डावी फिन बोलतेय. समुद्राखाली उतरणारे लोक पायात बेडकासारखी लांब, चपटी रबरी पावलं घालतात ना, त्यातलं मी एक. माझी जोडीदारीण उजवी आता नाही. मागच्या वर्षी बोटीवरून घरंगळली ती गेलीच. एकट्या फिनचा उपयोग काय? म्हणून मी गोदामातल्या खुंटीवर असते.

माझी मालकीण डायव्हिंग शिकवते. तिची धाकटी बहीण तिच्यासोबत उतरायची. ताई पुढे, धाकटी मागे, आणि नजर ताईच्या पावलांवर, हा दोघींचा नियम. पण आम्ही तेव्हा काळ्याकुट्ट होतो आणि बोटीवरच्या बाकीच्या फिनाही काळ्याच. एकदा गढूळ पाण्यात धाकटी दहा मिनिटं भलत्याच पावलांमागे पोहत गेली. वर येऊन बघते तर शेजारी एक टक्कलवाले काका. अख्खी बोट हसून बेजार झाली. ताई हसली नाही. आम्हाला पायातून न काढताच ती धाकटीला खेटून बसली.

दुसऱ्या दिवशी धाकटी पिवळ्या रंगाचा फवाऱ्याचा डबा घेऊन आली. आम्हा दोघींना तिने नखशिखान्त रंगवलं. खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले. पण पाण्यात दोनदा वाकले न वाकले तोच टवके सुटायला लागले. एका चिमुकल्या माशाने त्यातला एक गिळला, थुंकला, परत गिळला.

ताई तशीच वर आली. वर्तमानपत्र अंथरून तिने आमचा रंग खरवडला आणि टवका न् टवका बरणीत भरला.

"आपण दिसावं म्हणून त्यांच्या पोटात हे घालायचं का गं?" एवढंच म्हणाली.

मग धाकटीनेच ताईचा जुना डायव्हिंगचा सूट शोधून काढला. पाठीवर पिवळी पट्टी असलेला.

"हा तुला आता सात जन्मांत होणार नाही, ताई. कापू?"

ताईने टपली मारली, पण कात्री दिली. रंग नको, गोंद नको. माझ्या कडेने दाभणाने भोकं पाडून धाकटीने ते पिवळं माझ्यावर शिवलं. कापड एकाच फिनला पुरलं. उजवी बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

त्यानंतर पाच वर्षं धाकटी माझ्याकडे बघत पोहली. मी वळले की वळायची, थांबले की थांबायची. असं कुणी आपल्याकडे बघत असलं की जीव सुखावतो. मग तिला दूरच्या किनाऱ्यावर नोकरी लागली. उजवी हरवल्यावर ताईने काळीच जोडी आणली. "मागे आहे कोण आता बघायला?" असं दुकानदाराला म्हणाली. मला ते फार लागलं.

गेल्या महिन्यात धाकटीचा फोन आला. "ताई, आता मी शिकवते. काल माझी एक विद्यार्थिनी दुसऱ्याच कुणाच्या मागे गेली. ते पिवळं पाठवशील?"

"फिनच पाठवते की."

"तुझ्या त्या होडीएवढ्या फिनमध्ये माझे दोन्ही पाय मावतील."

ताई हसली. मग माझ्याजवळ बसून तिने एकेक टाका सुईने उसवला. मला राग आला, रडूही आलं. पण त्या मुलीला धाकटी दिसायला हवी, हे मला कळत होतं. माझ्याइतकं ते कुणाला कळणार?

आता मी पुन्हा काळी. ताई पाण्यातून आली की माझ्याखालच्या बाकावर पाय पुसते. परवा पुटपुटली, "अजूनही मागे वळून बघते मी. वेडी कुठली."

तुम्ही कधी हे गोदाम आवरायला आलात, तर मला फेकू नका. उसवलेला दोरा ताईने माझ्या पट्ट्याला गुंडाळून ठेवलाय. धाकटी पिवळं घेऊन आली की शिवायला लागेल, म्हणाली. कधी येणार ते धाकटीने सांगितलेलं नाही.