फितुराचं आडनाव

आप्पांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, दोन्ही डोळे काचबिंदूने नेले. तेव्हापासून दुपारची भांडी झाली की मी त्यांना आगरखेडकरांच्या हेरकथा वाचून दाखवते. हे आगरखेडकर रविवारच्या पेपरात लिहितात, की आम्ही बौद्ध लोक राखीव जागांवर फुकटचं खातो. आप्पांनी अंबरनाथच्या केमिकल कंपनीत उभी हयात ॲसिडची पिंपं ढकलली. ती जागा कोणी राखून ठेवली होती, ते त्या शहाण्याला विचारायला हवं.

माझा नवरा मिलिंद म्हणतो, त्या माणसाचं पुस्तक घरात नको. म्हणून उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडून आणते आणि भाजीखाली लपवते. आप्पांना दुसरं सुख उरलेलं नाही. आणि मेल्याला गोष्ट सांगता येते, हेच तर दुखणं आहे. चहा उतू गेला तरी कळत नाही. आमच्यावरचा टोमणा आला की मी तो गाळते, तांदळातला खडा काढावा तसा. तो आप्पांच्या कानावर पडू नये, एवढंच मला हवं असतं.

काल शेवटचं प्रकरण होतं. नकाशे विकणारा फितूर कोण, यावर आप्पा आठवडाभर पैज लावत होते. "कर्नलच असणार बघ, माया."

मी पान उलटलं. फितुराचं आडनाव साळवे. आमचंच. खाली त्याची जात, आणि रक्तातच इमान नव्हतं वगैरे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हे गाळणार कसं? नावाशिवाय गोष्ट संपत नाही.

"फितूर होता आगरखेडकर," मी ठणकावून वाचलं.

आप्पा खूप हसले.

"लेखक स्वतःच्या आडनावाचा फितूर लिहील का गं? कोण आहे? साळवे, का कांबळे?"

"साळवे," मी म्हटलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"डोळे होते तेव्हा कितीतरी वाचलीत त्याची. दर टायमाला आपलाच कोणीतरी असतो. तू गाळतेस तेपण कळतं. आवाज अडखळतो तुझा."

मला रडूच आलं. "मग कर्नलवर पैज कशाला लावता, आप्पा?"

"वाटतं, या खेपेला तरी दुसरा निघेल." ते उशीला टेकले. "वाच आता. पकडतात कसा त्याला?"

मी वाचू लागले. साळवेच्या मागे जीप सुटली, घाटात वळली. तो निसटावा असं मला वाटायला हवं होतं. पण मेल्यानं लिहिलंच असं होतं, की मीही जीपमध्येच बसले.