स्थानिक रहिवाशांचा विरोध

इल्पो कारप्पिनेनने जन्मभर लोकांना एकमेकांशी बोलतं केलं, आणि स्वतःला मात्र कोणाशी बोलावं लागू नये म्हणून जिवाचं रान केलं. फिनलंडमध्ये याला कोणी विसंगती म्हणत नाही. इंजिनियर म्हणतात.

ऊलूच्या विद्यापीठातून तो बाहेर पडला तेव्हा फोनच्या मोठ्या कंपनीत भरती चालली होती. पदवी हातात येण्याआधीच त्याच्या अंगात कंपनीचं जाकीट आलं. ते त्याने वीस वर्षं उतरवलं नाही. टॉवर कुठे उभारायचे ते नकाशावर ठरवणं हे त्याचं काम. पुढे बढत्या मिळत गेल्या, खोल्या मोठ्या होत गेल्या, खुर्चीला चाकं आली. मग एका वसंतात कंपनीच बसली. एका गोड बोलणाऱ्या बाईने चारशे माणसांना एका सभागृहात बसवून सांगितलं, की तुमची नोकरी गेलेली नाही, तुम्हाला संधी मिळाली आहे. संधीबरोबर एक मगही मिळाला.

मग इल्पो उद्योजक झाला. शेजारी जिन्यात उभा आहे का, हे दाराआडूनच कळावं, म्हणजे तो जाईपर्यंत आत थांबता येईल, असं एक ॲप त्याने काढलं. कल्पना सगळ्यांना पटली. पण दाराला भिंगाचं भोक असतं आणि ते फुकट असतं, हे त्याच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. दुसरी कंपनी कशासाठी होती ते त्याच्या बायकोलाही, सिर्पालाही, नीट सांगता येत नसे. तिसरी मात्र खरोखर कामाची निघाली. एक छोटी पेटी टेकडीवर बसवली की जिथे फोन लागत नाही तिथे लागायचा. कंपनीचं नाव इंग्रजीत होतं आणि त्यातला एक स्वर मुद्दाम गाळलेला होता. स्टॉकहोमच्या गुंतवणूकदारांना नाव आवडलं. ते म्हणाले, आता एखादं गाव दाखवा. एकही टॉवर नसलेलं, खरं, जिवंत माणसांचं गाव. हिवाळ्याच्या आत पेटी चालून दाखवली तर पुढे बोलू, नाहीतर नमस्कार.

अख्ख्या फिनलंडमध्ये असं गाव शोधायला इल्पोला नकाशा उघडावा लागला नाही. त्याचं वडिलांपासूनचं उन्हाळ्याचं लाकडी घर ज्या तळ्याकाठी होतं, त्या हाउकिवारात फोन लागत नसे. तिथे तो का लागत नाही, हेही जगात एकट्या इल्पोला ठाऊक होतं.

झालं होतं असं. चौऱ्याण्णव साली कैनू भागातले टॉवर त्याच्याच हाती होते. कंपनीने नुकताच त्याला हातात धरायचा फोन दिला होता, आणि साहेब भर जुलैमध्ये, शहरातल्या घरी सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापलेली असताना, फोन करून आकडे विचारायचा. ऑक्टोबरमध्ये इल्पो हाउकिवाराच्या टेकडीवर मोजमाप घ्यायला गेला, आणि त्याच्या लक्षात आलं की इथे टॉवर आला तर साहेब इथल्याही सौनात येणार. त्याने टॉवर चार किलोमीटर पलीकडे डोंगराआड सरकवला. सरकारी फॉर्मवर कारणाची एक रिकामी ओळ होती. तिथे त्याने लिहिलं, 'स्थानिक रहिवाशांचा विरोध'. तीन शब्द. अहवालातली तीन पानं कोणी वाचत नाही, पण हे तीन शब्द पुढची तीस वर्षं सगळ्यांनी वाचले.

गावाने नव्व्याण्णव साली टॉवरसाठी सरकारी कचेरीत अर्ज केला. उत्तर आलं, आमच्या नोंदीनुसार स्थानिक रहिवाशांचा विरोध आहे. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. हिवाळ्यात चौदा माणसं राहणारं गाव. विरोध कोणी केला, हे कोणी कोणाला तोंडावर विचारलं असतं तर अर्ध्या तासात उलगडा झाला असता. पण तोंडावर विचारायची पद्धत त्या गावात नव्हती. लेंपी पेसोनेनने मनात ठरवलं की हे काम तौनोचं, कारण त्याने रस्त्यावरच्या दिव्यालाही विरोध केला होता. तौनोने ठरवलं की हे काम लेंपीचं, कारण लहरींनी गाईंचं दूध आटतं असं ती एकदा म्हणाली होती. दोघांची शेतं लागून. चोवीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. तशात तारेचे जुने फोनही काढून नेले, आणि फोन करायचा तर लेंपीच्या गोठ्यामागच्या खडकावर चढण्यावाचून गावाला गत्यंतर उरलं नाही.

जूनमध्ये इल्पो लेंपीच्या स्वयंपाकघरात कागद घेऊन बसला. टेकडीच्या माथ्यावरून दोघांच्या शेतांची हद्द जात होती, म्हणून एकाच कागदावर दोघांची सही हवी होती.

"सही देईन की," चौऱ्याऐंशी वर्षांची लेंपी म्हणाली. "मला तर ती पेटी कालच हवी होती. मार्चमध्ये त्या खडकावरून घसरले, कळलं ना तुला?"

"लागलं का फार, मावशी?"

"दीड तास बर्फात पडून होते. तौनोने बघितलं. उचललं, ढकलगाडीवर घातलं, घरी आणलं, चुलीवर कॉफी ठेवली आणि गेला."

"काही म्हणाला नाही?"

"आम्ही बोलत नाही ना." लेंपीने वेलचीच्या पावाची बशी पुढे सरकवली. "मुलीने आता निर्वाणीचं सांगितलंय. मनगटाला ते बटण बांधून घ्यायचं, दाबलं की फोन जातो ते. आणि फोन लागला की पंधरा मिनिटांत कोणीतरी दारात पाहिजे. नाही जमलं तर पहिल्या बर्फाआधी शहरात, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडकीतून गाड्यांचा वाहनतळ दिसतो. मी बघून आले. इल्पो, मी तिथे मरेन रे."

"मग करा ना सही."

"करते. पण तौनोच्या शेजारी माझं नाव घालायचं तर आधी मला कळायला हवं, की विरोध त्यानेच केला होता का. तुझी जुनी ओळख आहे तिकडे. फायलीत बघून ये."

"इतक्या जुन्या फायली कुठल्या मिळायला!"

"सरकारी माणसं पावती फेकत नाहीत, तू फाईलचं काय सांगतोस? जा, बघून ये."

इल्पो घरी आला. त्याने सौना पेटवली आणि तीन तास बसून विचार केला. खरं सांगितलं तर सही गेली, स्टॉकहोम गेलं आणि इथल्या उन्हाळ्यांवरही पाणी पडलं. दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं तर तो माणूस भांडायला येणार. म्हणजे नाव अशा माणसाचं हवं जो येणार नाही. हानेस. रस्त्याच्या टोकाला एकटा राहायचा, माणूसघाणा, ना बायको ना पोर. मेला त्याला कित्येक वर्षं झाली. इल्पोला हा उपाय इतका साफ वाटला की त्याने सौनातल्या तापलेल्या दगडांवर आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

गावाचं सभागृह म्हणजे बंद पडलेली शाळा. रविवारी तिथे अकरा माणसं जमली. पेटीचं भाषण इल्पोने झकास केलं. पडद्यावर टेकडी, टेकडीवर हिरवं वर्तुळ, वर्तुळात अख्खं गाव. मग लेंपीने हात वर केला.

"नाव कळलं का?"

"कळलं." इल्पोने चेहरा गंभीर केला. "फाईल मिळाली. ऑक्टोबर चौऱ्याण्णवची नोंद आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण... हानेस होता तो."

सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. त्या गावात ते नेहमीचंच, म्हणून इल्पोला आधी बरं वाटलं. पण लेंपी बोटांवर वर्षं मोजायला लागली.

"चौऱ्याण्णव?" लेंपीने विचारलं.

"ऑक्टोबर."

"हानेसला आम्ही ब्याण्णवच्या मार्चमध्ये पुरलं. कॉफी मी केली होती."

इल्पो जुलैचा माणूस. गावात मार्चमध्ये कोण मेलं, कधी पुरलं, याची त्याला काय कल्पना?

मागच्या बाकावरून तौनो उठला. हानेसच्या खड्ड्यासाठी गोठलेली जमीन मऊ करायला तीन दिवस शेकोटी त्यानेच पेटती ठेवली होती. तो सावकाश म्हणाला, "चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये एक पोरगा टेकडीवर काठी घेऊन मोजत होता. कंपनीचं जाकीट. माझ्या घरी माशाचं सूप प्यायला. दोनदा घेतलं."

सगळ्यांनी इल्पोकडे बघितलं. त्याच्या अंगात आजही, शिवण उसवलेलं का असेना, तेच जाकीट होतं.

"लेंपी," तौनो म्हणाला. खोलीत कोणीतरी चमचा खाली पाडला. "लेंपी, याला कॉफी दे. घसा कोरडा पडलाय, बोलता येत नाहीये बिचाऱ्याला."

"देते, तौनो," लेंपी म्हणाली.

कॉफी पिऊन झाल्यावर इल्पोने सांगून टाकलं. मीच लिहिलं. जुलैमध्ये शांतता हवी होती म्हणून.

पंचाईत अशी झाली की कारण गावाला तंतोतंत पटलं. दोघातिघांनी तर मानही डोलावली. जुलैमध्ये शांतता हवी असणं हा कोणताही फिनिश माणूस गुन्हा मानत नाही. म्हणून ओरडायला कोणी उठलं नाही. फक्त लेंपी बोलली.

"शांतता आम्हालाही हवी असते रे. तू ती आमच्या नावावर घेतलीस. चोवीस वर्षं मी या माणसाला शिव्या दिल्या. याची बायको गेली तेव्हा मी कुंपणापाशी उभी राहिले आणि परत फिरले. ते कसं भरून देणार तू? आहे पेटी त्याला?"

इल्पोकडे त्याला पेटी नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि ही लाज त्याची स्वतःची होती, दुसऱ्याच्या नावावर टाकता येण्यासारखी नव्हती.

दोघांनी सही केली, एकाच पेनाने. अट तौनोने घातली. लेंपीने बटण दाबलं की हिवाळ्यात फोन तौनोकडे जाईल. उन्हाळ्यात तौनो हाडं दुखतात म्हणून आराम करील, आणि फोन इल्पोकडे जाईल. सबंध जुलै. सौनातसुद्धा.

पेटी ऑक्टोबरात बसली आणि उत्तम चालली. स्टॉकहोमचे लोक आले, खडकावर फोटो काढून घेतले आणि खूश होऊन गेले. लेंपी आपल्या घरात राहिली. वर्तमानपत्राने इल्पोवर अर्धं पान छापलं, 'गावाला आवाज देणारा माणूस'. ते कात्रण लेंपीने सभागृहात मुतारीच्या दारावर लावलं.

मग जुलै आला. सौना छान तापली होती, इल्पोने नुकतीच रिवाजाप्रमाणे बर्च झाडाच्या पानांची जुडी पाठीवर मारून घेतली होती, आणि बाहेर बाकावर फोन किंचाळायला लागला. लेंपीचं बटण. त्याने टॉवेल गुंडाळला, पाय कशात तरी घातले आणि खडीच्या रस्त्याने धावत सुटला. छाती भात्यासारखी चाललेली, पाठीला पानं चिकटलेली. मनात एकच, मावशी पडली असेल. देवा, पडलेली नसू दे.

लेंपी ओसरीवर बसली होती. शेजारी तौनो. त्याच्या मांडीवर भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलेलं.

"अकरा मिनिटं," तौनो म्हणाला.

"मंगळवारी नऊ होती," लेंपी म्हणाली. तिने तिसऱ्या कपात कॉफी ओतली. "कामात ढिला पडत चाललास, इल्पो."

टॉवेल सावरत इल्पोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"बस," लेंपीने बाकावर जागा करून दिली. "आणि बोलू नकोस काही. जुलै आहे."