माजी आमदाराच्या कोटावरचा बिल्ला

मी व्हर्लिन ओस्टरगार्डच्या कोटावरचा बिल्ला बोलतोय. पितळेचा, मागे टाचणी, पुढे आमच्या राज्याचा नकाशा. नखाएवढा जीव, पण विधानभवनातला पहारेकरी मला बघून दार उघडायचा, व्हर्लिनचं तोंड बघून नव्हे. याचा मला भारी माज होता.

व्हर्लिन ओस्टबी गावातून निवडून आला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. शेजारच्या आर्लिस ब्रँटबाईंनी त्याच्यासाठी बर्फ तुडवत घरोघर पायपीट केली होती. शपथेच्या दिवशी मला लावायच्या घाईत टाचणी त्याच्याच बोटात गेली.

गावात सगळे विहिरीचं पाणी पितात, आणि डुकरांच्या मोठमोठ्या शेडची घाण त्यात झिरपायला लागली होती. चौदा वर्षांत व्हर्लिनने एकच मोठा कायदा करून घेतला: अशी शेड विहिरीपासून अर्धा मैल लांब हवी. तो पास झाला त्या रविवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांनी केक खाल्ला. येणारा जाणारा त्याला मिठी मारत होता आणि मी क्रीमने माखून गेलो होतो. तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

पुढे तो निवडणूक हरला. वर्षभर घरी बसला. मग त्या शेड बांधणाऱ्या डुकरांच्या कंपनीनेच त्याला लॉबिस्ट म्हणून ठेवलं. म्हणजे कालच्या सोबत्यांना गाठायचं आणि कंपनीचं म्हणणं गळी उतरवायचं. माजी आमदाराला बिल्ला लावायची मुभा असते. गळ्यात कंपनीच्या नावाचं ओळखपत्र मात्र घालावंच लागतं. व्हर्लिन ते टायमागे सरकवून ठेवायचा, आणि गावातही त्याने या नोकरीचं नाव काढलं नव्हतं. दिसायचो फक्त मी.

गेल्या मार्चमध्ये तोच अर्ध्या मैलाचा कायदा रद्द करायचं विधेयक समितीपुढे आलं. ज्याला बोलायचंय त्याने दारावरच्या कागदावर नाव लिहायचं, प्रत्येकाला तीन मिनिटं. ओस्टबीहून ब्रँटबाई एकट्याच आल्या होत्या. दारातच व्हर्लिन दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलास होय रे, बरं झालं. म्हटलं, आता आपलं इथे कोण उरलंय."

"मिसेस ब्रँट, एवढ्या लांब कशाला आलात?"

"सुनेला सातवा महिना लागलाय. विहिरीचं पाणी तपासलं, तर डॉक्टर म्हणतात, ते आत्ताच धोक्याच्या काठावर आहे. शेड जवळ आली की बाळाला थेंबही द्यायचा नाही. हेच सांगायचंय, पण माईकपुढे माझं त-त-प-प होतं. माझ्या वाटचं तूच बोल ना."

खोलीतल्या सगळ्यांना तो कोणाचा माणूस ते ठाऊक होतं. ब्रँटबाईंनी फक्त मला पाहिलं होतं. मी आमदाराचा बिल्ला, म्हणजे माणूस अजून आपलाच, एवढाच त्यांचा हिशेब. 'मी दुसऱ्या बाजूला आहे,' एवढं व्हर्लिनने म्हटलं असतं तरी पुरे होतं.

तो म्हणाला, "बरं."

बाईंनी कागदावरचं आपलं नाव खोडलं आणि शेजारी त्याचं लिहिलं. अध्यक्षांनी पुकारल्यावर तो उठला आणि कंपनीने लिहून दिलेलं घडाघडा बोलला. तीन मिनिटं पुरी. विधेयक समितीत एका मताच्या फरकाने पुढे गेलं आणि महिन्याभरात कायदा रद्द झाला.

खोली रिकामी झाली तेव्हा बाई त्याच्यापाशी आल्या. रागावल्या नाहीत.

"तीनच मिनिटं होती रे माझी, व्हर्लिन," त्या म्हणाल्या, आणि कोटाची बटणं लावत निघून गेल्या.

ब्रँटांच्या कुंपणापलीकडे आता शेड उभी आहे. सून बाळाला घेऊन माहेरी राहते. व्हर्लिन मला रोज फडक्याने पुसून लावतो. मी चकाकतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझ्याजवळ ओठ नाहीत, नाहीतर त्या दारातच ओरडलो असतो. आता एवढंच मागणं आहे: मला बघून कुणावर विश्वास टाकू नका. त-त-प-प झालं तरी चालेल, तुमचं तुम्हीच बोला.